‘इफ’च्या वाक्यात ‘विल’ आणि ‘वुड’ वारंवार चुकीच्या जागी का जातात?

इंग्रजी बऱ्यापैकी वाचणाऱ्या आणि कामापुरते लिहिणाऱ्या माणसाच्याही लेखनात एक चूक वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून असते, आणि ती म्हणजे ‘इफ’ने सुरू होणाऱ्या वाक्यातील क्रियापदाच्या काळाची. ‘इफ इट विल रेन, द मॅच विल बी कॅन्सल्ड’, ‘इफ ही केम टुमॉरो, आय विल टेल हिम’ आणि ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’ ही तीन वाक्ये सोलापुरातल्या कोणत्याही क्लासमधल्या वह्यांत, बँकेच्या परीक्षेच्या सराव-उत्तरांत आणि एमआयडीसीतल्या कार्यालयांतून बाहेर जाणाऱ्या ई-मेलमध्ये थोड्याफार फरकाने सापडतात. ही वाक्ये लिहिणाऱ्यांनी व्याकरण शिकलेले नसते असे नाही. झिरो, फर्स्ट, सेकंड आणि थर्ड कंडिशनलचा, म्हणजे ‘इफ’च्या वाक्यांच्या चार ठरलेल्या साच्यांचा तक्ता बहुतेकांना तोंडपाठ असतो, विचारला तर घडाघडा म्हणूनही दाखवतात, आणि पुढच्याच परिच्छेदात ‘इफ आय वुड’ असे लिहून मोकळे होतात.

तक्ता चुकीचा नाही. तो अपुरा आहे. प्रत्येक ओळीत कोणते रूप येते हे तो सांगतो, पण आपल्या मनातल्या वाक्यासाठी त्यातली कोणती ओळ उचलायची हे सांगत नाही. ती निवड विद्यार्थी मराठीत करतो, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. म्हणून ही चूक दुरुस्त करायची असेल तर इंग्रजीच्या तक्त्याची आणखी एकदा उजळणी करण्यापेक्षा आपल्याच ‘जर-तर’कडे नीट पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. गाइडांमधल्या ‘मी पक्षी असतो तर’ या छापाच्या वाक्याने तर कोणाचेच कधी काम अडलेले नाही; अडते ते सूत, पाणी, गाडी आणि पगार यांच्या वाक्यांवर.

‘आला तर’ने होणारी फसगत

‘उद्या पाऊस आला तर सामना रद्द होईल’ हे वाक्य आपण सहज बोलतो. त्यातले ‘आला’ हे रूप भूतकाळाचे आहे आणि पाऊस मात्र उद्याचा आहे. मराठी माणसाला यात काहीच खटकत नाही, कारण ‘तर’ पुढे उभा असला की ‘आला’चा अर्थ घडून गेलेली गोष्ट असा होत नाही हे आपल्याला कोणी न शिकवता कळते. म्हणजेच क्रियापदाचे रूप एका काळाचे आणि प्रसंग दुसऱ्या काळाचा, ही गोष्ट आपल्याला मुळीच परकी नाही. इंग्रजीही हेच करते; फक्त उद्याच्या खऱ्याखुऱ्या शक्यतेसाठी ती भूतकाळाऐवजी वर्तमानकाळाचे रूप वापरते: ‘इफ इट रेन्स टुमॉरो, द मॅच विल बी कॅन्सल्ड.’

यातून दोन वेगळ्या चुका जन्माला येतात आणि त्यांचे औषधही वेगळे आहे. पहिल्या चुकीत विद्यार्थी मराठीतले ‘आला’ शब्दशः उचलतो आणि ‘इफ ही केम टुमॉरो, आय विल टेल हिम’ असे लिहितो. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातले ‘केम’ हे ‘तो येण्याची फारशी आशा नाही’ असे सांगते आणि ‘विल’ हे ‘येईल, मी सांगेनच’ असे सांगते, त्यामुळे एकाच वाक्याची दोन टोके दोन दिशांना ओढली जातात. दुसऱ्या चुकीत विद्यार्थी उद्याची गोष्ट आहे म्हणून दोन्ही भागांत ‘विल’ घालतो. या दुसऱ्या सवयीला आपल्या शहरात हिंदीचाही हातभार लागतो, कारण ‘अगर बारिश होगी तो मैच रद्द हो जाएगा’ या हिंदी वाक्यात दोन्हीकडे भविष्यकाळ पूर्णपणे बरोबर आहे. मराठीत मात्र ‘पाऊस येईल तर’ असे कोणी म्हणत नाही. ‘इफ इट विल रेन’ लिहिण्याचा मोह झाला की स्वतःला ‘पाऊस येईल तर’ असे म्हणून दाखवावे. ते जितके कानाला खटकेल तितकेच इंग्रजी वाक्य इंग्रजी कानाला खटकते.

सोलापुरात घरी कन्नड बोलणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांना ‘मळे बंदरे’ हे शब्द ओळखीचे असतील. ‘पाऊस आला तर’ याच अर्थाच्या त्या रूपातले ‘बंद’ हेही भूतकाळाचेच अंग आहे, त्यामुळे वरचे सगळे विवेचन त्यांना घरच्या भाषेवरूनही पडताळून पाहता येईल. पुढच्या विभागात तर कन्नड मराठीपेक्षाही अधिक कामाला येते.

नेहमीच लागू होणाऱ्या गोष्टींसाठी दोन्ही भागांत साधा वर्तमानकाळ येतो. उजनी धरण भीमेवर आहे आणि ते भरते ते मुख्यतः वर पुणे जिल्ह्याकडे झालेल्या पावसाने, त्यामुळे ‘इफ इट रेन्स हेविली इन पुणे डिस्ट्रिक्ट, उजनी फिल्स’ हे वाक्य सोलापुरात ऊन तापलेले असतानाही खरे असते. या प्रकारात फारशा चुका होत नाहीत, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

खरे दुखणे ‘असता’चे

आता मुख्य अडचणीकडे येऊ. पुढील वाक्य पाहावे: ‘माझ्याकडे गाळ्याची किल्ली असती तर मी शटर उघडले असते.’ हे वाक्य दोन प्रसंगी बोलता येते. पहिल्या प्रसंगी आपण नवी पेठेतल्या गाळ्यासमोर आत्ता उभे आहोत, गिऱ्हाईक शेजारी ताटकळले आहे आणि किल्ली भावाच्या खिशात गेली आहे. दुसऱ्या प्रसंगी आपण घरी बसून कालची हकीकत सांगत आहोत. गिऱ्हाईक कालच निघून गेले. या दोन्ही प्रसंगांत मराठी वाक्याचा एक कानासुद्धा बदलत नाही. ऐकणाऱ्याला प्रसंगावरून समजते, आणि न समजल्यास ‘आत्ता’ किंवा ‘काल’ हा शब्द जोडला की काम भागते.

इंग्रजीत मात्र ही दोन वेगळी वाक्ये आहेत. गाळ्यासमोर उभा असलेला माणूस म्हणेल, ‘इफ आय हॅड द की, आय वुड ओपन द शटर.’ कालची गोष्ट सांगणारा म्हणेल, ‘इफ आय हॅड हॅड द की, आय वुड हॅव ओपन्ड द शटर.’ सेकंड आणि थर्ड कंडिशनल या नावांमागचा फरक एवढाच आहे. तो विद्यार्थ्याच्या डोक्यात शिरत नाही याचे कारण त्याची बुद्धी नव्हे. मराठीने त्याला हा फरक कधी करायलाच लावलेला नाही, आणि जो फरक आपण करत नाही त्याची नुसती नावे पाठ करून तो दिसू लागत नाही.

त्यातच आणखी एक गोष्ट घडते. मराठीत ‘असती तर’ आणि ‘उघडले असते’ असे दोन्ही भागांत एकच ‘असत-’ येते. शालेय व्याकरणात आपण याला संकेतार्थ म्हणतो आणि ‘पाऊस पडला असता तर पीक चांगले आले असते’ हे ठरलेले उदाहरण देतो. दोन्हीकडे तेच रूप असल्यामुळे विद्यार्थी त्या रूपाला इंग्रजीत एक जोडीदार शोधतो, त्याला ‘वुड हॅव’ सापडते, आणि तो ते दोन्हीकडे चिकटवतो: ‘इफ इट वुड हॅव रेन्ड, द क्रॉप वुड हॅव बीन गुड.’ मराठी डोळ्याला हे वाक्य अगदी समतोल दिसते. इंग्रजीला असा समतोल नको असतो. तिच्यात अटीचा भाग फक्त काळाने मागे सरकतो आणि परिणामाचा भाग ‘वुड’ घेतो. ‘वुड’ ही परिणामाच्या बाजूची वस्तू आहे.

कन्नड बोलणाऱ्यांना येथे एक सोय आहे. ‘मळे बंदिद्दरे बेळे बरुत्तित्तु’ या वाक्यात अट आणि परिणाम यांची रूपे एकमेकांपासून वेगळी आहेत. पाऊस आला असता तर पीक आले असते, हाच त्याचा अर्थ, पण मराठीसारखी दोन्हीकडे एकच ‘असता’ची जोडी त्यात नाही. ज्यांच्या घरी कन्नड आहे त्यांनी इंग्रजी वाक्य रचताना शाळेच्या मराठीवरून न जाता घरच्या वाक्यावरून जावे, असे मी आग्रहाने सुचवीन.

काळ मागे सरकवून इंग्रजी नेमके काय साधते, हा प्रश्न अनेकांना पडतो आणि तो योग्यच आहे. भूतकाळाचे रूप तिथे घटना जुनी असल्याचे सांगत नाही. ती वास्तवापासून दूर असल्याचे सांगते. आपणही भूतकाळाचा असा उपयोग करतो, फक्त दुसऱ्या ठिकाणी. कार्यालयाच्या खिडकीपाशी जाऊन ‘साहेब, जरा काम होतं’ असे आपण म्हणतो, तेव्हा काम संपलेले नसते. ते आत्ताच असते, पण ‘होतं’ म्हटल्याने बोलण्यात थोडे अंतर आणि अदब येते. इंग्रजीत ‘आय वाँटेड टु आस्क यू समथिंग’ हे याच जातीचे वाक्य आहे. त्याच अंतराचा उपयोग ती ‘इफ’च्या वाक्यात खरे नसलेले दाखवण्यासाठी करते. आजची गोष्ट खरी नसेल तर एक पाऊल मागे जाऊन ‘हॅड’ येतो. गोष्ट मुळातच कालची असेल तर आणखी एक पाऊल मागे जावे लागते, आणि मग ‘हॅड हॅड’ किंवा ‘हॅड नोन’ असे रूप येते. ‘हॅड’च्या पुढे क्रियापदाचे तिसरे रूपच हवे, ‘इफ आय हॅड वेंट’ ही काळाची नव्हे, रूप पाठ नसल्याची चूक आहे आणि तिला रूपे पाठ करण्याखेरीज दुसरा इलाज नाही.

दोन्ही भागांचा निर्णय वेगवेगळा घ्यावा

उपाय असा. मनातले मराठी वाक्य आधी पूर्ण म्हणावे. त्याच्या ‘तर’च्या आधीच्या भागात ‘असता, असती, असते’ यांपैकी काही नसेल, म्हणजे ‘आला तर’, ‘येत असेल तर’, ‘झाले असेल तर’ असे काही असेल, तर गोष्ट अजून शक्य आहे आणि ‘इफ’च्या भागात नेहमीचेच काळ येतील. काम झाले असेल तर जा, याचे ‘इफ यू हॅव फिनिश्ड, यू कॅन गो’ होते. तो काल घरी असेल तर त्याने नोटीस पाहिली असेल, याचे ‘इफ ही वॉज अ‍ॅट होम यस्टरडे, ही मस्ट हॅव सीन द नोटीस’ होते. तिथला ‘वॉज’ हा खराखुरा कालचा आहे, कल्पनेतला नाही, आणि ‘असेल’ व ‘असता’ यांतल्या फरकावरून ते लगेच ओळखता येते.

‘असता’ सापडला तर पुढची पायरी. आता अटीच्या भागात एकदा ‘आज’ आणि एकदा ‘तेव्हा’ घालून पाहावे आणि आपल्याला काय म्हणायचे आहे ते ठरवावे. त्यानंतर तेच परिणामाच्या भागाबाबत करावे, पण पहिल्या उत्तराकडे न पाहता. अटीत ‘आज’ बसत असेल तर साधा भूतकाळ, ‘तेव्हा’ बसत असेल तर ‘हॅड’ आणि तिसरे रूप. परिणामात ‘आज’ बसत असेल तर ‘वुड’ आणि मूळ क्रियापद, ‘तेव्हा’ बसत असेल तर ‘वुड हॅव’ आणि तिसरे रूप. बाकी काहीही पाठ करण्याची गरज नाही. माझ्या मते सेकंड, थर्ड ही क्रमांकांची नावे विद्यार्थ्याने परीक्षेपुरतीच लक्षात ठेवावीत, कारण ती दोन भागांना एकत्र बांधून टाकतात आणि मग दोन भागांचे काळ वेगळे असलेले वाक्य समोर आले की विद्यार्थी गोंधळतो.

असे वाक्य आपल्या जिल्ह्यात रोज बोलले जाते. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, आणि आज जिल्ह्यात जो ऊस उभा दिसतो त्यातला मोठा वाटा त्या पाण्याचा आहे. ‘उजनी झाली नसती तर जिल्ह्यात एवढा ऊस नसता’ या वाक्यात अट ‘तेव्हा’ची आहे आणि परिणाम ‘आज’चा आहे. म्हणून ‘इफ द उजनी डॅम हॅड नॉट बीन बिल्ट, देअर वुड नॉट बी सो मच शुगरकेन इन द डिस्ट्रिक्ट टुडे’ असे लिहावे लागते. पुस्तकात याला मिक्स्ड कंडिशनल म्हणतात आणि ते शेवटच्या धड्यात, अवघड म्हणून येते. दोन भागांचा निर्णय वेगवेगळा घेणाऱ्याला ते अवघड वाटायचे कारणच राहत नाही. ‘इंजिनिअरिंग केले असते तर आज पुण्यात असतो’ हे आपल्याकडच्या कित्येक घरांत ऐकू येणारे वाक्यही त्याच साच्याचे आहे: ‘इफ आय हॅड डन इंजिनिअरिंग, आय वुड बी इन पुणे टुडे.’

याउलट दोन्ही भाग निःसंशय ‘तेव्हा’चे असलेले उदाहरण हवे असेल तर सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घ्यावे. ते १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. ‘ते चीनला गेले नसते तर तिथल्या जखमी सैनिकांवर त्यांनी उपचार केले नसते’ यात ‘आज’ कुठेच घुसवता येत नाही. ‘इफ ही हॅड नॉट गॉन टु चायना, ही वुड नॉट हॅव ट्रीटेड द वूंडेड सोल्जर्स देअर.’

एका ई-मेलचे काय होते

टेरी टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या एखाद्या कारखान्याचे कार्यालय अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आहे असे समजू, आणि तिथून ग्राहकाला पुढील ओळ गेली आहे असे समजू: ‘इफ वुई वुड रिसीव्ह द यार्न ऑन मंडे, वुई वुड हॅव डिस्पॅच्ड द टॉवेल्स ऑन फ्रायडे.’ लिहिणाऱ्याच्या मनात ‘सोमवारी सूत मिळाले असते तर शुक्रवारी टॉवेल रवाना केले असते’ हे स्वच्छ वाक्य होते. आता ही ओळ वाचणाऱ्याच्या बाजूने पाहू.

त्याला कळायला हव्या आहेत त्या दोनच गोष्टी, सूत आले का आणि माल निघाला का, आणि नेमक्या त्याच दोन्ही या ओळीतून कळत नाहीत. पहिल्या भागातले ‘वुड रिसीव्ह’ वाचून त्याला वाटते की सूत अजून यायचे आहे आणि सोमवार हा येता सोमवार आहे. दुसऱ्या भागातले ‘वुड हॅव डिस्पॅच्ड’ सांगते की शुक्रवार उलटून गेला आणि माल गेलाच नाही. ज्याने बंदरावर जागा आरक्षित केली आहे त्याच्यासाठी हा व्याकरणाचा प्रश्न उरत नाही; तो फोन उचलतो किंवा, अधिक वाईट म्हणजे, उचलत नाही आणि आपल्या अंदाजाने पुढचे ठरवतो.

लिहिणाऱ्याला खरोखर जे म्हणायचे होते त्यासाठी ‘इफ वुई हॅड रिसीव्हड द यार्न ऑन मंडे, वुई वुड हॅव डिस्पॅच्ड द टॉवेल्स ऑन फ्रायडे’ असे हवे होते. त्यातून सूत सोमवारी आले नाही आणि शुक्रवारी माल गेला नाही, या दोन्ही गोष्टी न सांगताही सांगितल्या जातात. सूत येत्या सोमवारी मिळण्याची रास्त अपेक्षा असती तर ‘इफ वुई रिसीव्ह द यार्न ऑन मंडे, वुई विल डिस्पॅच द टॉवेल्स ऑन फ्रायडे’ असे लिहायला हवे होते, आणि हे वाक्य ग्राहक वचन म्हणून धरून ठेवतो. त्याच वाक्यात ‘रिसीव्हड’ आणि ‘वुड डिस्पॅच’ केले की वचन पातळ होते. सोमवारी सूत मिळेल असे आम्हालाही वाटत नाही, असे ते वाक्य सुचवते. व्यापारात हे तिसरे वाक्य जपून वापरावे, कारण इंग्रजी वाचणारा माणूस त्यातली शंका बरोबर हेरतो आणि ती आपण जाणूनबुजून दाखवली असे धरून चालतो.

‘इफ’ असूनही ‘विल’ बरोबर असते तेव्हा

नियम पाठ झालेला विद्यार्थी पुढे उलटी चूक करू लागतो आणि ‘इफ’ दिसला की त्याच्या पुढचा प्रत्येक ‘विल’ खोडतो. ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ हे वाक्य मात्र पूर्णपणे बरोबर आहे. तिथला ‘इफ’ हा ‘तर’चा नाही, तो ‘की नाही’चा आहे. ‘तो येईल की नाही मला माहीत नाही’ असे मराठी होत असेल तर भविष्यकाळ जसाच्या तसा ठेवावा. मराठीत ‘तर’ येतो की ‘की’ येतो एवढे पाहिले की हा संशय मिटतो.

दुसरी सूट ‘णार असेल’ची. ‘माझ्या येण्याने मदत होणार असेल तर मी येतो’ यात मदत ही येण्याच्या नंतरची गोष्ट आहे, म्हणून ‘इफ इट विल हेल्प, आय विल कम’ चालते. ‘तू पुण्याला जाणार असशील तर’ याला ‘इफ यू आर गोइंग टु पुणे’ म्हणावे. आर्जव करताना ‘इफ यू विल वेट हिअर’ किंवा त्याहून नम्रपणे ‘इफ यू वुड साइन हिअर’ असेही म्हटले जाते. तिथे ‘विल’ आणि ‘वुड’ म्हणजे तयारी दाखवणे, भविष्य नव्हे. बँकेतल्या कर्मचाऱ्याने हे वाक्य वापरले म्हणून त्याचे इंग्रजी कच्चे आहे असे समजू नये.

मराठीत ‘आलाच तर’ असा ‘च’ लावून आपण येण्याची शक्यता कमी असल्याचे दाखवतो. इंग्रजीत त्यासाठी ‘इफ ही शुड कम’ अशी सोय आहे, आणि गंमत अशी की त्याच्या पुढच्या भागात ‘विल’ चालतो: ‘इफ ही शुड कम, आय विल टेल हिम.’ मूळ चुकलेल्या ‘इफ ही केम टुमॉरो, आय विल’ला हा एक चांगला पर्याय आहे.

कानाने शिकणाऱ्यांची अडचण

सामन्याचे समालोचन, मुलाखती आणि मालिका ऐकून ज्यांचे इंग्रजी सुधारले आहे त्यांच्यात ‘इफ आय वुड हॅव’ जास्त आढळते, आणि त्याला कारण आहे. बोलताना ‘आय हॅड’ आणि ‘आय वुड’ या दोहोंचे ‘आय्ड’ होते. ‘इफ आय्ड नोन, आय्ड हॅव कम’ असे कानावर पडते, दोन्हीकडे तोच आवाज येतो, आणि ऐकणारा दोन्हीकडे ‘वुड’ लिहितो. पुढचा शब्द पाहिला की उकल होते: ‘आय्ड’नंतर थेट तिसरे रूप असेल तर तो ‘हॅड’, मूळ क्रियापद किंवा ‘हॅव’ असेल तर तो ‘वुड’. ‘आय्ड बेटर गो’ यातला मात्र ‘हॅड’ आहे. अमेरिकी बोलण्यात ‘इफ आय वुड हॅव नोन’ प्रत्यक्षातही बरेच ऐकू येते, तेव्हा आपण चुकीचे ऐकले असेच नेहमी नसते. पण लेखी इंग्रजीत आणि परीक्षेत ते चूकच धरले जाते. ‘वुड ऑफ’ असे लिहिणेही त्याच आवाजाच्या घोटाळ्यातून येते आणि ते कुठेही बरोबर नाही.

‘अनलेस’ आणि ‘अंटिल’मधला जादा नकार

‘जोपर्यंत सूत येत नाही तोपर्यंत माग बंद राहतील’ या वाक्यातला ‘नाही’ इंग्रजीत नेऊ नये. ‘द लूम्स विल स्टे आयडल अंटिल द यार्न अराइव्हज’ एवढेच पुरते. आणि ‘अंटिल’, ‘व्हेन’, ‘बिफोर’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ यांच्यापुढेही उद्याच्या गोष्टीसाठी वर्तमानकाळच येतो, ‘विल’ नाही. ‘अनलेस’च्या पोटातच नकार असतो, म्हणून ‘अनलेस यू डोन्ट पे’ म्हणजे पैसे भरलेत तर काम होणार नाही असा उलटा अर्थ निघतो. भाषणांतून ऐकू येणारे ‘अंटिल अँड अनलेस’ लेखनात घेण्याची आवश्यकता नाही.

बारावीच्या पेपरात ‘इफ’चे वाक्य ‘अनलेस’ वापरून पुन्हा लिहा, असा प्रश्न येतो. तिथे ‘इफ’च्या भागातला ‘नॉट’ काढायचा आणि काळ तसाच ठेवायचा. परिणामाच्या भागाला हात लावायचा नाही. ‘इफ यू डू नॉट हरी, यू विल मिस द हुतात्मा एक्स्प्रेस’ याचे ‘अनलेस यू हरी, यू विल मिस द हुतात्मा एक्स्प्रेस’ होते. ‘असता’च्या वाक्यांत ‘अनलेस’ सहसा बसत नाही; ‘उजनी नसती तर’ यासाठी ‘इफ इट वेअर नॉट फॉर उजनी’ किंवा नुसते ‘बट फॉर उजनी’ लिहावे.

स्पर्धा परीक्षेतल्या चूक ओळखण्याच्या प्रश्नात आणखी दोन रूपे हमखास गोंधळात टाकतात. पहिले ‘वेअर’चे: ‘इफ आय वेअर यू’, ‘इफ शी वेअर हिअर’ यांत कर्ता एकवचनी असूनही ‘वेअर’ बरोबर आहे, आणि बोलताना ‘वॉज’ ऐकू येत असला तरी उत्तरपत्रिकेत ‘वेअर’लाच गुण मिळतील असे धरावे. दुसरे, ‘इफ’ मुळीच नसलेल्या वाक्याचे. ‘हॅड वुई रिसीव्हड द यार्न ऑन मंडे, वुई वुड हॅव डिस्पॅच्ड द टॉवेल्स’ हे पाहून अनेक विद्यार्थी प्रश्नचिन्ह राहिले असे समजतात आणि तीच चूक म्हणून खूण करतात. तिथे ‘इफ’ गाळून ‘हॅड’ पुढे आणलेला असतो, काळात काहीही बदल झालेला नसतो, आणि नकार असेल तर तो ‘हॅडन्ट वुई’ असा न जोडता ‘हॅड वुई नॉट’ असा सुटा लिहिला जातो. ‘वेअर’ आणि ‘शुड’ यांच्या बाबतीतही असेच होते. ‘शुड यू नीड मोअर सॅम्पल्स, वुई विल सेंड देम’ हे वाक्य निर्यातीच्या पत्रात शोभूनही दिसते.